भिसे खिंडीच्या अलीकडचा लाल दिवा

मैनाबाय पेणच्या रामवाडीतली. नवऱ्याचं मिठागर बंद पडलं तेव्हा चाळिशीत गाडी शिकली आणि आम्हा सात बायकांना रोज रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत न्यायला लागली. दुसरं भाडं तिच्याकडे नव्हतं. आम्ही तिला सोडलं की तिची गाडी दारातच पडून राहणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

त्या सोमवारी भिसे खिंडीच्या अलीकडे तिने एकदम गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगसमोर लाल दिवा लागला होता, गोलात उद्गारचिन्ह.

"हँडब्रेक राहिला असंल," मी म्हटलं.

"खालीच हाय, पूजा." तिने दोनदा वर-खाली करून दाखवला. दिवा काही विझेना.

सकाळचे साडेसहा वाजले होते. सातला कंपनीचं गेट बंद, की दिवसाचा पगार बुडाला. तिने बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइल डबीच्या खालच्या रेघेखाली गेलं होतं.

"ओत नि चल ना!"

"पेट्रोलसारखं संपत नाय गो हे. कुठंतरी गळतंय." ती चाकांशी वाकली. मागच्या चाकाच्या आतून ओघळ आला होता. मग सीटवर बसून तिने ब्रेक दाबला, तर पाय पार खालपर्यंत गेला. "पुढं खिंडीचा उतार हाय. मी नाय नेणार."

माझं डोकं फिरलं. आठवड्याच्या पहिल्याच दिवशी हिचं शहाणपण! "झेपत नाय तर मीठच ओढायचंस, गाडी कशाला घेतलीस?" मी सगळ्यांदेखत बोलले. तिचा चेहरा उतरला. पण चावी तिने कमरेला खोचली आणि मागून येणाऱ्या एसटीला स्वतःच हात केला.

व्हायचं तेच झालं. गेट बंद. मी तिथूनच रागाने मैनाबायला फोन लावला. "उद्यापासून आम्ही गडब गावच्या हर्षदच्या गाडीनं जातो."



"जा गो," ती म्हणाली. "पण खिंडीच्या आधी त्याच्या गाडीतला लाल दिवा बघत जा. तुझी पोर लहान हाय."

मला भडभडून आलं. माझ्याकडे बाकीच्या सहाजणी बघत होत्या.

"मैनाबाय, गाडी कधी नीट व्हईल?"

"दोन दिस लागतील."

"मग दोन दिस आम्ही एसटीनं जातो."