दादासोंचे दोन्ही हात हँडलवर

उंब्रजच्या दादासोंना मोटारसायकल चालवता येत नव्हती, असं कुणी म्हणू नये. गाडी झकास चालवायचे. वांधा होता तो राम रामचा. जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर. अडलेली म्हैस सोडवायला आसपासच्या वीस गावांत तेच जाणार. मग रस्त्यानं निघाले की दर दहा पावलांवर कुणीतरी हात वर करणारच. आणि समोरच्यानं हात वर केल्यावर जो आपला हात वर करत नाही, त्याला आमच्याकडं माणसात धरत नाहीत. लगेच बोलणं निघतं, "लय मोठा झाला गड्या, आता वळख बी दीना!" हेल्मेटसुद्धा त्यांनी त्याच कारणानं माळ्यावर टाकलेलं. तोंडच झाकलं तर लोकांनी राम राम घालायचा कुणाला?

या राम रामापायी दादासो तीनदा आपटले. एकदा सर्व्हिस रोडच्या खडीत, एकदा उसाच्या ट्रॉलीमागं. तिसऱ्यांदा मागं त्यांची बायको अंजनाबाई होती. पलीकडच्या अंगानं गावातले लालासाहेब चालले होते, दादासोंनी हात केला, तेवढ्यात पुढचा टेम्पो थांबला आणि जोडी रस्त्यावर आडवी. अंजनाबाईंचं मनगट मोडलं. तेही त्यांनी पोटात घातलं असतं हो! पण दादासो उठले, धूळ झटकली, आधी लालासाहेबांना राहिलेला राम राम पुरा केला आणि मग बायकोकडं वळले. हे कुठली बाई विसरेल?

तीन वर्षं झाली त्याला. तेव्हापासून अंजनाबाई एसटीनं नाहीतर माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं जायच्या आणि दादासो रिकामी सीट घेऊन हिंडायचे. लग्नाकार्यात जो तो आपापल्या बायकोला मागं बसवून यायचा. ते बघून त्यांना फार वाईट वाटायचं. किती विनवण्या केल्या, पण बाई बधेना.

आणि एका सकाळी चमत्कार झाला. मलकापुरात अंजनाबाईंचा भाऊ वीरधवल याच्या नातवाचं बारसं होतं आणि एसटीचा पत्ता नव्हता. अंजनाबाई पदर खोचून अंगणात आल्या, हातात माळ्यावरचं हेल्मेट आणि एक नवं कोरं.

"बसती मी," त्या म्हणाल्या. "पर दोनी हात हँडलवर. मलकापूरपातुर. एक बी हात सुटला, की तिथंच उतरीन. मग ह्या जन्मात परत बसायची न्हाई."

"आगं, पर कुनी राम राम घातला तर?"

"घालू द्या."

झालं! निघाली स्वारी. दादासोंचा जीव आनंदानं नुसता उड्या मारत होता आणि त्याच वेळी वाटेतल्या राम रामांची धास्तीही होती. हेल्मेटमधनं तोंड दिसत नसलं, तरी टाकीवर बांधलेली औषधांची पत्र्याची पेटी साऱ्या तालुक्याच्या ओळखीची. एसटी स्टँडवरच पानवाला ओरडला, "दादासो, राम राम!" डावा हात आपोआप उठायला लागला. त्यांनी मूठ अशी आवळली की बोटं पांढरी पडली.

साखर कारखान्यांचा हंगाम चालू. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गाणी लावून डुलत चाललेले, मधे कंटेनर, डाव्या बाजूनं कुठनंही घुसणारे टेम्पो. पण आज दादासोंची नजर रस्त्याकडेच्या माणसांत ओळखी शोधत नव्हती, त्यामुळं त्यांना चक्क रस्ता दिसायला लागला. ट्रॅक्टरवाला न सांगता वळणार, हे त्याच्या मान वळवण्यावरनं कळतं. पुढच्याच्या बुडाला चिकटलं नाही, तर करकचून ब्रेक मारावा लागत नाही. आणि आरशात मागचं दिसतं! तीस वर्षं त्या आरशात त्यांनी फक्त मिशी बघितली होती.

बेलवड्याच्या फाट्यावर साळूबाई उभी होती. तिची म्हैस कालच दादासोंनी औषध देऊन उठवलेली.

"आवं दादासो, राम राम! म्हस हुबी ऱ्हायली बगा!"

दादासो हेल्मेटातल्या हेल्मेटात राम राम पुटपुटले, हात हँडलवर. "आता ऐकू बी येईना व्हय ह्येला?" साळूबाई मागं करवादली. मेलो, दादासो मनात म्हणाले, संध्याकाळपर्यंत गावोगाव नाव खराब.

पण ते अंजनाबाईंनीही ऐकलं. आपल्या घराला कुणी माजोरी म्हणावं, हे त्यांना कसं सोसणार? एका हातानं नवऱ्याचा खांदा घट्ट धरला आणि दुसरा बांगड्यांचा हात हवेत गेला.

"राम राम मावशी! ह्यांचं हात गुतल्यात! म्हशीला जपा!"

साळूबाई खो खो हसली. आणि अंजनाबाईंना चटक लागली. फाट्यापुढच्या चहावाल्याला राम राम. ट्रॉलीवर बसलेल्या ऊसतोडकऱ्यांना राम राम. तासवड्याच्या टोलनाक्यावर ओळख ना पाळख अशा माणसाला राम राम, तोही बिचारा गडबडून हात जोडतो! "वहिनी, राम राम!" अशा हाका यायला लागल्या. अंजनाबाई खुदूखुदू हसतायत, त्यांच्या हसण्यानं दादासोंनाही हसू आवरेना.

"हलू नगा वो! म्होरं बगा!"

कोयनेच्या पुलावर पुढच्या ट्रॉलीतनं उसाची आख्खी मोळी घसरली आणि धाडदिशी रस्त्यात पडली. दादासोंनी दोन्ही ब्रेक बेतानं दाबले. गाडी डगमगली नाही, घसरली नाही, मोळीच्या हातभर अलीकडं थांबली. पूल सगळा हॉर्न वाजवायला लागला, कडेनं कुणीतरी "दादासो!" म्हणून हाकही मारली. दादासोंनी आधी मान मागं वळवली.

"लागलं न्हाई न्हवं तुला?"

"न्हाई," अंजनाबाई म्हणाल्या. आवाज जरा ओला झाला होता. "चला."

मलकापुरात पोचल्यावर दादासोंची बोटं हँडलवरनं सुटेनात. पोरांनी एकेक बोट सोडवलं, तेव्हा अख्खं बारसं हसलं.

दुपारी निघायची वेळ झाली. वीरधवलनं आपली नवी चारचाकी दारात आणून लावली. "आक्का, ह्यात बस. एसी हाय. दाजी येतील मागनं."

अट मलकापूरपर्यंतचीच होती, परतीचं बोलणंच झालं नव्हतं. दादासो आपल्या मोटारसायकलपाशी जाऊन मागची सीट पुसत राहिले. अंजनाबाई चारचाकीत बसल्या. मऊ सीटवरनं हात फिरवला. वीरधवलनं काच वर केली, गार वारा सुटला. क्षणभरानं दार उघडलं आणि बाई खाली उतरल्या.

"का गं आक्का? काय चुकलं?"

"काच लावल्यावर मला कोन बघतंय?" अंजनाबाई हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाल्या. "तीस वरीस समद्या गावांचा राम राम ह्यांनी एकट्यानं घेतला, वीरधवल. माझा आजपासनं सुरू झालाय."