देवाने मला कशासाठी ठेवलं

मी चार वर्षांचा असताना विहिरीत पडलो आणि वाचलो. देवाने या लेकराला काहीतरी कामासाठी ठेवलंय, असं आई तेव्हापासून सांगत आली. दहा वर्षांच्या दादाने उडी टाकून मला बाहेर काढलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पण घरात त्याचा उल्लेख ‘देवाने याला उडी मारायची बुद्धी दिली’ असा व्हायचा. दादानेही कधी हरकत घेतली नाही.

पुढे दोघांना शिकवणं जमेना. तेव्हा कुणाला शिकवायचं, यावर फार चर्चा झाली नाही. दादा दहावीनंतर तालुक्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात लागला. मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. निकालाच्या दिवशी आईने पेढे वाटले आणि प्रत्येकाला विहिरीची गोष्ट सांगितली.

आता मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. तळहाताएवढी एक लोखंडी पट्टी तपासतो. तिला दोन भोकं असतात. माझ्याकडे गेज असतो, म्हणजे दोन टोकांचा एक गुळगुळीत दांडा. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. असं झालं तर पट्टी पुढे जाते, नाहीतर लाल पेटीत. हे काम मी मन लावून करतो. नोकरीमुळे संत तुकाराम नगरात दोन खोल्या घेता आल्या, याची मला जाणीव आहे.

खंडेनवमीला आमच्या कंपनीत मशिनींची पूजा होते आणि त्या दिवशी घरच्यांना आत येऊ देतात. गेल्या वर्षी आई आणि दादा हिंगोलीहून आले. येण्याआधी आई फोनवर म्हणाली, “डोळ्यानं बघून घेते एकदा, देवानं तुला कायला ठेवलं ते.” त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. ज्या भरवशावर तिने दादाची शाळा थांबवली होती, तो भरवसा ती बघायला येत होती, आणि तो तळहाताएवढा होता.

पूजा झाली. झेंडूच्या माळा घातलेल्या मशिनींमधून मी दोघांना माझ्या टेबलापाशी नेलं. आईने पट्टी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली.

“हे कायला लागतंय?”

मला माहीत नव्हतं. चार वर्षं मी ती पट्टी तपासत होतो. ड्रॉइंगवर तिची लांबी आहे, जाडी आहे, भोकांचं माप आहे, कुठलं पोलाद वापरायचं तेही आहे. ती कशासाठी आहे, हे नाही. मी सुपरवायझरांना विचारलं. ते चाकणचेच, जुन्या शेतकरी घरातले.

“गाडीत जाती कुठंतरी,” ते म्हणाले. “आपल्याला काय करायचंय? आई, पेढा घ्या.”

आईने पेढा घेतला, पण पट्टी खाली ठेवली नाही. तेव्हा दादा म्हणाला, “सीटखाली बसत असंल. सीट मागंपुढं सरकती ना, तिथं.”

“म्हंजे माणसाला नीट बसता यावं म्हणून,” आई म्हणाली.

“व्हय.”

आईचं समाधान झालं. तिने ताटातली हळद ओली केली, कुंकू घेतलं आणि मशीन सोडून माझ्या गेजची पूजा केली. दोन्ही टोकांना चांगली भरपूर हळद लावली आणि हात जोडले. मीही जोडले.

दसऱ्याची सुट्टी संपवून मी पहिल्या शिफ्टला आलो. हळद वाळून घट्ट झाली होती. इतर सगळ्या मशिनी लोकांनी पुसून घेतल्या होत्या. गेज पुसायला माझा हात उचलेना. मी तसाच कामाला लागलो. जे टोक आत जायला हवं, ते एकाही भोकात जाईना. मी नियमाप्रमाणे एकेक पट्टी लाल पेटीत टाकत गेलो. तासाभरात पेटी भरली.

सुपरवायझर आले. त्यांनी पेटी बघितली, मग गेज बघितला.

“अहो राव, गेजच्या तोंडाला हळद कुणी लावली?”

“आईने.”

“आणि तुम्ही ग्रॅज्युएट?”

“हो.”

त्यांनी खिशातलं फडकं पुढे केलं. “पुसा आता. आणि पेटी परत तपासा. त्या पट्ट्यांची काय चूक न्हाई.”

खरोखरच नव्हती. सगळ्या चांगल्या निघाल्या.

संध्याकाळी दादाला फोन करून हे सांगितलं. तो बराच वेळ हसला. मग मी विचारलं, “दादा, ती पट्टी खरंच सीटखालची आहे का?”

“मला काय माहीत? मी मोटारी दुरुस्त करतो, पाण्याच्या.”

“मग तसं का सांगितलंस?”

“आई पट्टी खाली ठेवंना म्हणून.”

मग मी बोलून टाकलं, की आईचं ऐकून माझ्यावर फुकट खर्च झाला असेल, शाळा तूच शिकायला हवी होतीस.

“तसं नको म्हणू,” तो म्हणाला. “तुला देवानं कायला ठेवलं, हे ती तीस वर्षं शोधायली. तुला किती ताप झाला ते मी बघितलंय. मला कुणी विचारलंच नाही, म्हणून माझं बरं चाललंय.”

तो चेष्टेत बोलत होता की नाही, हे मला कळलं नाही. म्हणून मी विचारलं, “दादा, तुला देवाने कशासाठी ठेवलं असेल?”

पलीकडे दुकानातली एक मोटार चालू झाली आणि बंद पडली.

“विचार करून सांगतो,” तो म्हणाला.

याला आता वर्ष होईल. आम्ही दर रविवारी बोलतो. आईच्या गुडघ्यांबद्दल बोलतो, पावसाबद्दल बोलतो. त्याने अजून सांगितलेलं नाही आणि मी आठवण करून दिलेली नाही. दादा घाईने उत्तर देणारा माणूस नाही.