चार किलोचा अंदाज

वजनकाट्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे ग्रॅमताई म्हणत. दुरुस्त झालेला काटा गिऱ्हाईकाकडे परत जाण्याआधी शेवटची तपासणी तिची असे. काचेच्या खोलीत हातमोजे घालून बसायचं, प्रमाण वजन चिमट्याने उचलायचं, आधी ताटलीच्या मधोमध आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवायचं, आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा मिनिट थांबायचं आणि मगच नोंद करायची. उघड्या बोटाने वजन उचललं तर घामाचाही भार चढतो, म्हणून नव्या कामगारांना ती फैलावर घ्यायची. "एका ग्रॅमने कुणाचं काय बिघडतंय, ताई?" असं एकाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "काटा औषधवाल्याचा असला तर तुझंच बिघडेल." दुसऱ्या दिवसापासून ती ग्रॅमताई झाली.

अशी ही बाई अडतिसाव्या आठवड्यात एका आकड्यापुढे पार गळून गेली. सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलं होतं, बाळाचं अंदाजे वजन चार किलो शंभर ग्रॅम.

डॉक्टरबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा वर सरकवला. "बाळ मोठं दिसतंय. शिवाय पहिल्या वेळी खांदा अडकला होता. नॉर्मलची वाट बघता येईल, नाहीतर पुढच्या गुरुवारी सिझेरियन करू. मी दोन्हीला तयार आहे. तुम्ही ठरवा."

"मी ठरवू?"

"अंग तुमचं आहे."

"पुन्हा अडकेल का?"

"ते आधी सांगता येत नाही. तुमच्यासारख्या दहाजणी आल्या तर नऊजणी सुखरूप सुटतील, असं साधारण धरा. दहावी कोण, हे मला कळत नाही. अडकलाच तर आम्ही सोडवतो, पण हाताच्या शिरांना ताण बसू शकतो. क्वचित त्याहून वाईटही होतं."

"आणि सिझेरियन?"

"तेही पोटाचं ऑपरेशनच आहे. रक्त जास्त जाऊ शकतं, टाके पिकू शकतात, पुढच्या खेपेला वार त्या व्रणाला चिकटू शकते. उठायला-बसायला वेळ लागतो. चार दिवसांत सांगा."

ती बाहेर आली. भिंतीला टेकून उभी राहिली. समोरच्या बाकावर एक बाई पोटावर डबा ठेवून शांतपणे जेवत होती. त्या बाईचा तिला विलक्षण हेवा वाटला.

पहिल्या बाळंतपणाबद्दल ती कुणाशी बोलत नसे. डोकं बाहेर आलं होतं. कुणीतरी हसून "आलं, आलं" म्हणालं होतं, आणि मग एकदम हसणं थांबलं. खोलीतल्या माणसांचे आवाज बदलले. "जोर करू नका! आता अजिबात जोर करू नका!" दोन जणींनी तिचे पाय धरून पोटाशी दाबले. एक परिचारिका स्टुलावर चढली आणि ओटीपोटावर भार देऊ लागली. आणि कोपऱ्यातून कोणीतरी घड्याळाकडे बघत मोठ्याने सांगत होतं, तीस सेकंद, साठ सेकंद, नव्वद. एकशे दहाला मुलगी बाहेर आली. निळसर होती, मग रडली. पण रडताना एकच हात हलवत होती. डावा हात अंगाशी तसाच पडून होता, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा.

आता ती मुलगी साडेपाच वर्षांची होती. घरभर गरगर फिरायची म्हणून तिला भिंगरी म्हणत. आठ महिने रोज व्यायाम करून घेतल्यावर हात बराचसा सुधारला, पण कानाच्या वर जात नव्हता. फ्रॉक घालताना आधी डावा हात घालायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते ग्रॅमताई रोज बघायची. आणि काचेच्या खोलीत आकडा स्थिर व्हायची वाट बघताना तो घड्याळवाला आवाज कानात सुरू व्हायचा. तीस सेकंद.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. जिन्यात बसून बूट काढत त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अगं, तू म्हणशील तसं करू."

"असं नको म्हणूस. तुला काय वाटतं ते सांग."

"मला काय वाटणार? आमच्या लिफ्टला एक ब्रेक गेला तर दुसरा असतो. इथे मला दुसरा ब्रेक दिसतच नाहीये."

"म्हणजे तूही घाबरलायस."

"मी? छे." तो म्हणाला, आणि काढलेला बूट पुन्हा पायात घालू लागला.

सासूबाई मदतीला येऊन राहिल्या होत्या. त्यांची चार बाळंतपणं घरच्या घरी झाली होती, आणि सिझेरियन हा शब्द त्या दातात खडा आल्यासारखा उच्चारत. "वाट आहे ना आयती? मग भिंत कशाला फोडायची? हल्लीच्या मुलींना कळा म्हटलं की धडकी भरते."

"आई, कळांची भीती नाही हो."

"मग कसली?"

भीती एकच नव्हती. नॉर्मल म्हटलं की घड्याळ सुरू व्हायचं. सिझेरियन म्हटलं की ती आडवी पडलेली दिसायची, कमरेखालचं अंग बधिर झालेलं, डोकं टक्क जागं, आणि पडद्यापलीकडे लोक तिच्या पोटात हात घालताहेत. दात काढताना सुई बघून ती एकदा खुर्चीतून घसरली होती. आणि समजा रक्त थांबलंच नाही तर? भिंगरीची वेणी कोण घालणार? आजी घालेल, पण आजी केस ओढते.

मग तिने तिला जमत होतं तेच केलं. कारखान्यात एका नोंदीवर काटा पास करत नाहीत. निदान तीन नोंदी घ्याव्या लागतात. कुणाला न सांगता ती दुसऱ्या दिवशी जोड्यांच्या दुकानावरच्या सोनोग्राफी केंद्रात गेली. तिथे निघालं तीन किलो सहाशे. तिसऱ्या दिवशी बस बदलून आणखी एका ठिकाणी गेली. चार किलो दोनशे.

"याच्यात चूक किती धरायची?" तिने तिथल्या डॉक्टरला विचारलं.

"चूक नाही हो. मशीन नवीन आहे."

"नवीन मशीनलाही चूक असते. मी तेच काम करते. खरं सांगा."

तो जरा वरमला. "इकडे-तिकडे दहा-पंधरा टक्के."

म्हणजे अर्ध्या किलोच्याही वर. असला काटा तिने दारातूनच परत पाठवला असता. तरीही कारखान्यात आल्यावर तिने तिन्ही आकडे कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहिले आणि सरासरी काढली. तीन किलो नऊशे सदुसष्ट. चारच्या आत आलं म्हणून क्षणभर हायसं वाटलं. मग बाजूला चुकीचा पल्ला मांडला आणि ते हायसं वाटणंही गेलं. चौथी सोनोग्राफी कुठे करावी, असा विचार ती करत होती.

"काय तपासतेस?" मामांनी काचेवर टकटक केलं. मामा म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. पितळी तराजूंच्या जमान्यापासूनचे. तिला हे काम त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्यांच्यापासून कागद लपवायची तिची शामत नव्हती.

त्यांनी आकडे वाचले, पोटाकडे पाहिलं, आणि स्टूल ओढून बसले. तिने सगळं सांगितलं. नवऱ्याला न सांगता केलेल्या दोन फेऱ्यासुद्धा.

"म्हणजे चारच्या वर असलं तर ऑपरेशन, खाली असलं तर नाही, असं ठरवलंयस?"

"तसंच काहीसं."

"थोरलीचं किती भरलं होतं?"

"तीन किलो तीनशे."

मामांनी कागद तिच्यापुढे सरकवला. बाहेर कुणीतरी ट्रकच्या काट्यावर साखळी आपटत होतं. तीन किलो तीनशे. मोठं बाळ नव्हतंच ते. तरी खांदा अडकला होता. म्हणजे या तीन आकड्यांतला कुठलाही खरा निघाला असता, किंवा अगदी ग्रॅमपर्यंत बरोबर वजन तिच्या हातात आलं असतं, तरी तिला हवं ते उत्तर त्यात नव्हतं.

"मामा, मग कशावर ठरवू?"

"ते मला काय विचारतेस? मला तीन पोरं झाली, तिन्ही वेळा मी बाहेर बिड्या ओढत होतो." ते उठले. दारात थबकले. "पण वजन नको मोजूस. दुसरं काहीतरी मोज."

घरी जाताना ती दोन थांबे आधीच बसमधून उतरली आणि चालत निघाली. दोन्ही भीती तिने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. टेबलावर आपल्याला काहीतरी होईल, ही एक. बाळाचा हात पुन्हा तसाच पडलेला दिसेल, ही दुसरी. पहिलीने छाती धडधडत होती. पण तिच्यासकट पाऊल पुढे पडत होतं. दुसरीपाशी आली की पाय जागीच थांबत. खरोखरच थांबले. भाजीच्या गाडीमागचा माणूस ओरडला, "अहो बाई, रस्त्यात काय उभ्या राहता!"

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला त्या दोन फेऱ्यांसकट सगळं सांगितलं. "गुरुवारी. ऑपरेशन." तो बराच वेळ मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मी जिन्यात बसून राहीन, हलणार नाही." डॉक्टरबाईंनी फॉर्म पुढे केला तेव्हा काय काय होऊ शकतं याची छापील यादी तिने शेवटपर्यंत वाचली. रोज पास झालेल्या काट्यांच्या स्टिकरांवर झोकात उठणारी तिची सही त्या दिवशी इतकी वाकडी आली की दुसऱ्यांदा करावी लागली.

गुरुवारी सगळं तिने कल्पिलं होतं तसंच झालं, फक्त थंडी जास्त होती. सुई टोचताना एका परिचारिकेने तिचं डोकं स्वतःच्या खांद्याला लावून धरलं. पाय गेले. हिरवा पडदा लागला. दात वाजायला लागले ते थांबेनात.

"घाबरलात का?" भूल देणाऱ्या डॉक्टरने विचारलं.

"हो."

"मग बोलत राहा. काय काम करता?"

"काटे… तपासते."

"बरं. चूक निघते का माझ्या ब्लडप्रेशरच्या मशीनमध्ये?"

तिला हसू आलं नाही. पोटात कुणीतरी कपाट आवरत असल्यासारखी ओढाताण चालली होती. दुखत नव्हतं, पण कळत होतं. कुणी सेकंद मोजत नव्हतं, म्हणून तीच मोजू लागली, आणि चाळीसच्या पुढे तिचा आकडा चुकला. मग रडणं ऐकू आलं. तिने जीव खाऊन विचारलं, "हात? हात बघा!"

पडद्याच्या कडेने बाळांचा डॉक्टर आला. दोन्ही तळव्यांवर मुलगा होता. त्याने मान सांभाळत त्याला जरासं खाली सोडल्यासारखं केलं आणि मुलाचे दोन्ही हात दचकून बाजूला उघडले, सारखे, एकदमच. ग्रॅमताईने पुन्हा करायला सांगितलं. त्याने पुन्हा केलं.

तिसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा कुणाच्या आधाराशिवाय पलंगावर उठून बसली. खोकला आला की टाक्यांवर उशी दाबून धरायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. सासूबाई पाळण्याला अडकवलेला कागद दुरून वाचत होत्या.

"तीन किलो पाचशे चाळीस? एवढंच?" त्या वळल्या. "चार, चार म्हणत होते ना? मग उगाच पोट फाडलं की गं!"

नवरा दारातून म्हणाला, "आई, मशीनची चूक असते. दहा-पंधरा टक्के…"

"तू थांब," ग्रॅमताई म्हणाली. टक्केवारीचं उत्तर देता आलं असतं. बरोबरही होतं. "आई, वजनासाठी केलं नाही मी. नॉर्मल झालं असतं की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. मलाही नाही. मी घाबरले होते. म्हणून केलं."

सासूबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या, टाक्यांना धक्का लागू नये इतक्या बेताने.

"मीही घाबरायचे," त्या म्हणाल्या. "चारही वेळा. तिसऱ्या वेळी तर कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं, माझ्यामागे कुणाला काय द्यायचं त्याचं." त्यांनी मुलाचं दुपटं उगाचच सारखं केलं. "कुणी विचारलंच नव्हतं."

बाळ कुरकुरायला लागलं. त्याला उचलायला सासूबाईच उठल्या.