एका रात्रीची खोली

भंडारदऱ्याला आमच्या घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. त्यांचं सगळं मी बघते. चौकशा गुरुवारपासूनच मोबाईलवर यायला लागतात आणि त्यातल्या बहुतेक एका रात्रीच्या. 'दुपारी येतो, सकाळी निघतो.' 'फक्त चार तास फ्रेश व्हायला मिळेल का?' एका रात्रीसाठीही चादरी, अभ्रे सगळं धुवावं लागतं आणि पावसाळ्यात आमच्याकडे चादर तीन-तीन दिवस वाळत नाही. म्हणून गावातले बाकीचे अशांना सरळ नकार देतात. मी देत नसे.

माझे वडील, तात्या, उमेदीत धरणग्रस्तांची पत्रकं लिहायचे. मी वाचायला त्या पत्रकांवरच शिकले. खोल्या सुरू केल्या तेव्हा मी नियम केला: आलेल्याला जात विचारायची नाही, लग्नाचा दाखला मागायचा नाही. गावातल्या खोलीवाल्यांचा नियम नेमका उलटा. जिल्ह्यातलंच आधार कार्ड असलेलं जोडपं कुणी घेत नाही. मागून नातेवाईक येतात, भानगड होते. बैठकीत मी यावर तावातावाने बोलले होते. 'ही खोल्यांची अस्पृश्यता आहे,' असं काहीतरी. 'ताईला माईक द्या,' कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

गावाची एक पद्धत मात्र मला मनापासून पटली होती. पाहुणे नंबराने वाटून घ्यायचे. चौकशी कुणाकडेही येवो, ती आधारच्या फोटोसकट सगळ्यांच्या ग्रुपवर टाकायची, म्हणजे कुणी कुणाचा नंबर खात नाही. जीपवाले, नाववाले, जेवण करून देणाऱ्या बायका, सगळे त्या ग्रुपवर. मी याला समता म्हणायचे.

गेल्या श्रावणात एका मुलीचा मेसेज आला. 'ताई, एक रात्र मिळेल का? आम्ही दोघं. परवा लग्न केलंय, घरच्यांना मान्य नाही. उद्या नाशिकला जाऊ.' सोबत आधारचा फोटो, पत्ता आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातला. खरं सांगते, मला आनंद झाला. इतकी वर्षं नुसतं बोलत होते, ते करायची वेळ आली होती. 'या,' मी लिहिलं. 'इथे कुणी काही विचारणार नाही.' आणि सवयीने तिच्या आधारचा फोटो ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटांत एका जीपवाल्याचा फोन आला.

'ताई, ब्येस केलं फोटो टाकला. ती पोरगी आमच्या सासुरवाडीची हाय. दोन दिस झाले शोधत्यात तिला. म्या मेव्हण्याला धाडला.'

'कुणाला विचारून?'

'त्यात काय इचारायचं? त्यांची पोरगी हाय. तुमची हाय का?'

मी फोटो डिलीट केला. तोवर जवळपास सगळ्यांनी तो पाहिला होता. मग मुलीला फोन लावला. त्यांची एसटी संगमनेर सोडून निघाली होती.

'येऊ नका. घरच्यांना कळलंय.'

'कसं?'

'माझ्यामुळं,' मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

'मग आता कुठं उतरू, ताई? तुमीच तर म्हणाल्ता, कुनी काय विचारनार न्हाई.'

मी अकोले म्हणाले, मग राजूर म्हणाले. म्हणता म्हणता ध्यानात आलं की मी सांगत होते ती सगळी गावं त्या लोकांच्याच वाटेवर होती. पोलिसांत जा म्हणाले. 'काल गेल्तो. आधी घरी फोन लावा म्हणले,' ती म्हणाली आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद.

'तात्या, काय करू?'

तात्या ओट्यावर बसले होते. 'दार उघडं ठेव,' ते म्हणाले. 'आली तर आत घे.'

'आणि ते आले तर?'

'तेही येतील.'

ते दुपारी चारच्या सुमाराला आले. पाचजण, जीपमधून. माझ्या मनात काठ्या-कुऱ्हाडी होत्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या. आईने चहा ठेवला, कारण दारात आलेल्याला ती दुसरं काही करूच शकत नाही. मुलीच्या वडिलांनी मला हात जोडले.

'लई उपकार झाले, ताई. आजकाल कोन कळवतंय?'

'मी कळवलं नाही. चुकून गेलं.'

'कसं का व्हयना.' त्यांना तो माझा विनय वाटला. 'कुठल्या गाडीत हायेत?'

'माहीत नाही.'

'सापडतील,' ते शांतपणे म्हणाले आणि चहा संपवून निघाले.

त्या दोघांसाठी आवरलेली खोली आईने दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका कुटुंबाला दिली. मी अजून मधूनमधून तो फोन लावते. तो बंदच असतो. कर्जतला जाऊन विचारावं असं कितीदा वाटतं. पण त्या घरात मी कोण म्हणून जाणार? तिथे मला ओळखतात ते उपकार करणारी म्हणून.