निमजे सरांचा शनिवार

निमजे सर लोकांच्या पाठीमागे उभे राहून त्यांचं बोलणं ऐकायचे. हातपंपावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानात, बसची वाट पाहताना, कुठेही दोन माणसं बोलत असली की हे दोन पावलांवर उभे. मान थोडी तिरकी. मध्येच खिशातून चिठ्ठी काढायची, काहीतरी टिपायचं आणि पुढे चालू लागायचं. मी गणिताची शिक्षिका म्हणून आंधळगावच्या शाळेत लागले तेव्हा आणीबाणी सुरू होती. असा टिपणारा माणूस दिसला की लोक विषय बदलायचे. माझ्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "त्या मास्तरापुढं जास्त बोलू नोको, बाई. सरकारचा मानूस वाटते."

मलाही तसंच वाटलं. पण मनात ठेवून कुढणं मला जमत नाही. मी स्टाफरूममध्ये सरळ विचारलं, "सर, तुम्ही लोकांचं काय लिहून घेता?"

त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. तिच्यावर एकच शब्द होता: 'खटांत'. खाली लिहिलं होतं, 'अजून नापास'.

"आठवीचे पोट्टे शब्द बनवतेत, बाई. गावात चालते का नाही, ते पाहून राहिलो."

सर इंग्रजी शिकवायचे. शनिवारचा शेवटचा तास त्यांनी मुलांना नवे शब्द बनवायला दिला होता. त्यामागची गोष्ट त्यांनी मला अशी सांगितली: शंभर वर्षांपूर्वी एका इंग्रज माणसाने पोरांसाठी एक बिनअर्थाची कविता लिहिली. तिच्यातले निम्मे शब्द त्याने स्वतःच घडवले होते. सर कोष्ट्याचे पोरगे, म्हणून त्यांना उपमाही मागावरचीच सुचायची. "धागा तुटला का त्याले दुसरा सांधते ना आपन? तसंच त्यानं केलं. हसनं आन् घोड्यावानी फुरफुरनं, दोन्ही सांधलं. झाला 'चॉर्टल'. तवा गंमत होती. आता कोशात हाये तो शब्द, साहेबलोकं रोज बोलतेत."

मुलांच्या शब्दांना त्यांनी एक नियम लावला होता. ज्याला शाळेतली ही भानगड ठाऊक नाही अशा माणसाच्या तोंडून, कोणी न विचारता, तो शब्द निघाला तरच पास. "शब्दाले सही-शिक्का लागत नाही, बाई. तोंड लागते," असं ते म्हणायचे.

मी गणिताची. ताळा केल्याशिवाय उत्तर खरं मानत नाही. त्याच दिवशी कपाटातून शाळेचा इंग्रजी शब्दकोश काढला. पातळसा होता, पुठ्ठा सुटलेला. 'चॉर्टल' त्यात नव्हता. मी मनाशी ठरवून टाकलं की हा माणूस पोरांसारखंच इंग्रजीही घरी बनवतो. कोणाला बोलले नाही, पण विसरलेही नाही.

मुलांचे शब्द मात्र चांगले होते, हे कबूल करायला हवं. कोष्टीपुऱ्यात सकाळपासून मागांची खटखट चालते. दुपारी जेवायला सगळे माग एकदम थांबले की जी शांतता होते, ती 'खटांत'. तो कुंदा नावाच्या मुलीचा शब्द. महिनाभराने तिच्या शेजारचा विणकर दारातून बायकोवर ओरडला, "अवो, खटांत झाली, वाढ ना आता!" सर भर दुपारी उन्हातून शाळेत पळत आले. हातात चिठ्ठी, तोंडाने "पास! पास!" हेडमास्तर व्हरांड्यातून पाहत होते. कशाचं 'पास' ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण आवडलं नाही हे दिसत होतं.

मी एकदा सरांना म्हटलं, "बोर्डाच्या पेपरात हे येणार आहे का?"

"नाही येत."

"मग?"

"बोर्डासाठी पाच दिवस हायेत ना, बाई. एक दिवस तं त्याईले भाषेचे मालक होऊ द्या."

मला हे उत्तर टाळल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षी एप्रिलात सकाळची शाळा सुरू झाली. उकाडा आणि आळस सांधून मुलांनी 'उकाळस' केला होता आणि तो हळूहळू इतर वर्गांतही पसरला होता. एक दिवस प्रार्थना झाल्यावर हेडमास्तर गरजले, "ऊन तापलं म्हणून वर्गात उकाळस चालणार नाही!" आठवीच्या रांगेतून टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कोणीतरी ओरडलंही, "पास!" आपलं भाषण रंगलं असं समजून हेडमास्तर हसले. दुपारपर्यंत त्यांना खरा प्रकार कळला.

"म्हणजे या पोट्ट्यांनी माझी परीक्षा घेतली?" ते मला म्हणाले. चेहरा लाल झाला होता.

त्याच महिन्यात निमजे सरांची दोन वर्षं पुरी होत होती. कायम करायचं की नाही, ते हेडमास्तरांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. घरी बायको आणि दोन मुली. ही नोकरी गेली तर पुन्हा बापाच्या मागावर बसायचं, दुसरी वाट नव्हती. हे मला माहीत होतं.

हेडमास्तरांनी मला बोलावलं. "बाई, तुमची नजर बारीक आहे. काय ते लिहून द्या." मी एकच वाक्य लिहिलं: 'श्री. निमजे हे शब्दकोशात नसलेले शब्द इंग्रजी म्हणून शिकवतात.' खाली सही केली. खोटं काही लिहिलंय असं मला वाटलं नाही.

आठवड्याने कामासाठी भंडाऱ्याला गेले. तिथे एका कॉलेजात माझा मावसभाऊ कारकून होता. म्हटलं, ताळा पुरताच करून टाकू. त्याने ग्रंथालयातला जाडजूड कोश काढून दिला. 'चॉर्टल' त्यात होता. अर्थही सर म्हणाले तोच, आणि हा शब्द एका कवीने घडवला अशी नोंदही होती. मी ती तीनदा वाचली आणि कागदावर उतरवून घेतली.

परत येऊन मी हेडमास्तरांकडे माझा कागद मागितला. ते म्हणाले, "तुमचा कागद संस्थेकडे गेला." मी पुन्हा भंडाऱ्याला जाऊन संस्थेच्या सचिवांना भेटले. त्यांनी माझी नोंद वाचली आणि परत केली. "शब्द खरा असेल, बाई. पण हेडमास्तरांचं हसं करणारा मास्तर आम्हाला नको. तुमचा कागद नसता तर दुसरा कोणाचा असता." असेल. पण फायलीला लागलेला कागद माझा होता. मी दुसरं पत्र लिहून दिलं, नकलेवर पोच घेतली. काही झालं नाही. महिनाअखेरीस सरांना कार्यमुक्त करायचं ठरलं.

मी त्यांना स्टाफरूममध्ये सगळं सांगितलं. माझं चुकलं, असंही म्हटलं. ते पिशवीत पुस्तकं भरत होते. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"तुमी शक घेतला, त्याचं मले काई नाही. शक घेनारा मानूस पाहिजेच. पन कोश पाह्यला, सचिव पाह्यला, दोनदा भंडाऱ्याले गेल्या. माह्या वर्गात एक दिवस येऊन बसल्या काहून नाही? इथून वीस पावलं होता तो."



ते वर्षभर मागावर बसले. मग साकोलीकडे एकोडीला नव्या शाळेत लागले. १९८६ मध्ये तिथेच नोकरीत असताना वारले. मला ते महिनाभराने, बसमध्ये भेटलेल्या एका विद्यार्थ्याकडून कळलं. तोवर मी स्वतः मुख्याध्यापिका झाले होते. एखाद्या शिक्षकाबद्दल एक ओळ लिहायची तरी आधी आठवडाभर त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसते. बाई पोलिसासारख्या बसतात, अशी कुरकुर होते. होऊ दे.

सरांच्या वर्गात मी बसले ती एकदाच, त्यांच्या शेवटच्या शनिवारी. बाक मुलींच्या मापाचा, गुडघे वर टेकत होते. सरांनी माझी ओळख करून दिली नाही की मला टाळलंही नाही. कुंदा उठली. पाडाला लागलेल्या कैरीच्या चवीला तिने शब्द केला होता, 'आंगोड'.

मला राहवलं नाही. "अगं, आंबटगोड आहे की आधीच. नवा कशाला?"

कुंदा माझ्याकडे वळली. "आंबटगोड म्हन्लं तं दोन चवी होतेत, बाई. हे एकच चव हाये."

मी सरांकडे पाहिलं. ते खडूची धूळ झटकत होते. माझ्या मदतीला आले नाहीत.

"बस खाली," मी कुंदाला म्हटलं. म्हटल्यावर लक्षात आलं, हा वर्ग माझा नव्हता.

कुंदा उभीच राहिली.