सांधा नसलेलं भांडं

नळी तोंडात धरून फुंकर मारली की त्यांचे दोन्ही गाल टम्म फुगत, म्हणून संशोधन संस्थेतले लहानथोर त्यांना फुगेकाका म्हणायचे. तळमजल्यावरच्या खोलीत एकतीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळांसाठी काचेची भांडी घडवली होती. अलीकडे मात्र नवी भांडी कॅटलॉगमधून यायची आणि काकांच्या वाट्याला नुसती डागडुजी.

एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या संशोधक बाई तडा गेलेलं भांडं घेऊन आल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या. चेहरा पार उतरलेला. त्यांचं काम काकांना ऐकून माहीत होतं. एका पांढऱ्या भुकटीवर तांब्याचे अतिसूक्ष्म कण बसवायचे, ती भांड्यात पसरायची, आत कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ सोडायची आणि वरून प्रखर उजेड पाडायचा. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूचं असं जळाऊ मिथेन करायचं.

“मिथेन होत नाही का?” काकांनी विचारलं.

“होतं की! भरपूर होतं. तेच तर दुखणं आहे,” बाई म्हणाल्या. “काल खात्री करायला म्हणून कार्बन डायऑक्साइडऐवजी भांड्यात नुसता आरगॉन वायू भरला. त्यात कार्बन औषधालाही नाही. तरी मिथेन! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून आलं, काका?”

काकांनी भांडं फिरवून बघितलं. झाकण बसतं त्या सांध्यावरची काच जरा जास्तच चकाकत होती. त्यांनी बोट फिरवलं.

“हे काय चोपडलंय?”

“ग्रीस. वायू गळू नये म्हणून.”

काकांनी ते बोट काचेच्या एका तुकड्याला पुसलं आणि तुकडा ज्योतीत धरला. काच काळी पडली.

“भांडं नीट न पुसता तापवलं की ही अशी काजळी धरते. काजळी म्हणजे कार्बनच ना? तुमची भुकटी वायू सोडून हेच खात असणार.”

बाई मटकन स्टुलावर बसल्या. “आठ महिने! आठ महिने मी ग्रीसचं इंधन करत होते?” त्यांना एकदम हसू फुटलं. काकाही पोट धरून हसले.

मग काका कामाला लागले. सांधाच नसलेलं, अख्खं क्वार्ट्‌झ काचेचं भांडं करायचं ठरलं. भुकटी आणि वायू भरून झाले की लांब मान ज्योतीनेच वितळवून बंद करायची. आतला वायू तपासायला काढण्यासाठी एक पातळ टोक ठेवायचं; शेजारी लोखंडी गोळी, ती बाहेरून लोहचुंबकाने आदळली की टोक फुटणार. पण क्वार्ट्‌झ मोठं हट्टी. ज्योतीबाहेर काढलं रे काढलं की घट्ट होतं. पहिलं भांडं निवताना तडकलं. दुसऱ्याचं टोक इतकं जाड झालं की गोळी आपटून आपटून दमली.

“गोळीलाच पोचा आला, काका,” बाई म्हणाल्या.

“येऊ दे. तिसऱ्याला बघू.”

तिसरं जमलं. त्यात आरगॉन भरून दिवा लावला तर मिथेन शून्य. मग तसंच आणखी एक भांडं करून त्यात कार्बन डायऑक्साइड भरला. वायू तपासणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर सरळ रेषेतून मिथेनचं एक बारीकसं टेंगूळ वर आलं. बाई दोन दोन पायऱ्या गाळत तळमजल्यावर धावल्या.

विभागप्रमुखांनी आकडा पाहून कपाळाला आठ्या घातल्या. “गेल्या महिन्यात याच्या वीसपट होतं ना?”

“ते ग्रीसचं होतं, सर. हे आपलं आहे.”

सरांनी कागद पुन्हा एकदा वरून खाली तपासला. मग म्हणाले, “काकांना आणखी चार भांडी करायला सांगा.”

त्या संध्याकाळी काका गुणगुणतच घरी आले. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे वीस भागांतला एक उरला. त्यावर कपभर पाणी तरी तापेल का?”

“कोमटसुद्धा होणार नाही, अगं!”

“आणि तरी स्वारी एवढी खुशीत?”

“मग! चारची मागणी आहे,” काका म्हणाले आणि चष्मा पुसून जेवायच्या टेबलावरच चारही भांड्यांच्या माना किती लांब हव्यात ते काढायला बसले.