करोडगिरीतले आमचे साडू

ज्या खात्यात चाकरी करायची ते खातंच बंद व्हावं म्हणून मनोभावे झटणारा माणूस साऱ्या निजाम राज्यात एकच होता, आणि तो माझा थोरला साडू होता. परमुलखातून येणाऱ्या मालावर महसूल घेणाऱ्या खात्याला तेव्हा करोडगिरी म्हणत. जालना स्टेशनाजवळच्या नाक्यावर आमचे साडू करोडगिरीचे अधिकारी होते, आणि मालाच्या वाटेत नाका असणं हे पाप आहे, असं त्यांचं ठाम मत होतं.

हे वेड त्यांनी हैदराबादेहून आणलं. बाजार मोकळा सोडा, तो आपलं आपण बघून घेतो, असं सांगणारा एक विलायती अर्थपंडित शे-दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याची शिकवण साडूंना कॉलेजात उर्दूतून मिळाली, म्हणून ते त्याला 'उस्ताद' म्हणत. उठताबसता उस्ताद! आमच्या सासूबाईंना वाटे, हे कुणी हैदराबादचे गवई असावेत. एकदा त्या म्हणाल्या, "एवढे गुणाचे हायेत, तर जेवायला तरी आणा की त्यांना." साडू हळहळून म्हणाले, "ते कधीचेच वारले, मामी." सासूबाईंनी त्या दिवशी घरात गोडधोड होऊ दिलं नाही.

नाक्यावर खोकं फुटलं की साडूंचा चेहरा जत्रेतल्या पोरासारखा होई. शिवणाच्या सुयांचा पुडा उन्हाला धरून ते व्यापाऱ्याला विचारत, "ही सुई ज्यानं केली, त्यानं जालना बघितलंय?"

"न्हाई साहेब."

"मंग हितल्या शिंप्याला सुई लागून राह्यली, हे त्याला सांगितलं कुणी?"

"मी न्हाई सांगितलं साहेब, बिलकुल न्हाई!" व्यापारी कानाला हात लावून म्हणे.

साडू खूश होत. "कुणीच न्हाई सांगितलं! तीच तर गंमत हाय." मग बराबर हिशेबानं महसूल घेऊन वर बजावत, "हा पैसा घेणं चूक हाय. उस्ताद रागावले असते. इथं सही करा."

सूट मात्र कुणालाही नाही. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांचीच बायको, नाशिकला भावाकडे गेल्ती, ती पितळी समया घेऊन परतली. साडू फलाटावर उभेच. "बाई, पेटी उघडा." चारचौघांत तिनं पेटी उघडली, महसूल भरला, आणि जाताना म्हणाली, "घरी या, मंग तुमची पेटी उघडते." पुढे आठवडाभर साडू आमच्याकडे जेवायला होते. व्यापाऱ्याच्या घरचं तर ते पाणीही पीत नसत. नाकेदारानं कुणाचं ओशाळं राहू नये म्हणून.

निजामाच्या राज्याच्या अखेरच्या वर्षी पलीकडच्या सरकारनं सरहद्द आवळली आणि तिकडून माल येणं थांबलं. मला वाटलं, नाका ओस पडला तर साडूंना आनंद होईल. जाऊन बघतो तर ते रिकाम्या वखारीत एकटेच बसलेले. "पाव्हणे," ते म्हणाले, "मालाची वाट अडवली की लोकांचे हाल, हे उस्तादांचं खरं ठरून राह्यलं. पण असं न्हाई ठरायला पाहिजे होतं."

गावात मीठ मिळेना. मेव्हणी अळणी वरण वाढू लागली. एका दुपारी मी साडूंच्या घरी असताना मोंढ्यातले, म्हणजे बाजारपेठेतले, किराणा व्यापारी अप्पा आले. आयुष्यभर साडूंना महसूल भरून भरून वैतागलेला माणूस. त्यांनी धोतराच्या सोग्यातून मिठाची पुडी काढून पुढं ठेवली.

साडू ताडकन उठले. "भाव सांगा."

"भाव न्हाई, साहेब."

"मंग घेता येत न्हाई. आजच्या बाजारात जो असंल तो सांगा. मी देतो."

"बाजारात मीठच न्हाई, तर भाव कुठून आणू?" अप्पा म्हणाले. "माझ्या घरातल्या डब्यातलं अर्धं हाय. वैनींना अळणी जेवण जात न्हाई, असं कळलं."

मेव्हणी आतून आली, तिनं पुडी उचलली आणि आत निघून गेली. अप्पाही गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते टोपी घालून मोंढ्यात गेले आणि अप्पांच्या ओसरीवर बसून चहा प्याले. ही जालन्यात बातमी झाली. पुढे ते राज्य गेलं. साडू पेन्शनीत निघाले. कधीही मोंढ्यातून जावं, तर दोघं म्हातारे त्या ओसरीवर बसलेले दिसत. काय बोलत, कोण जाणे.